म्हातारीला दिलेला शब्द

आमच्या ह्यांचं राजकारण नदीकाठी सुरू झालं. भाषणानं नाही, मोर्चानं नाही; दुसऱ्यांच्या दहाव्याला जाऊन. शहापूर-मुरबाडकडे ज्याला पुढारी व्हायचंय त्याला ही पायरी चुकत नाही. गावात कुणी गेलं की दहाव्या दिवशी सगळे नदीवर जमतात, पिंड ठेवतात, कावळ्याची वाट बघतात, आणि तोवर चार मोठी माणसं गेलेल्याबद्दल दोन शब्द बोलतात. हे त्या चारांत पाचवे म्हणून घुसले आणि बघता बघता पहिले झाले. ज्या माणसाला जन्मात एकदा पाहिलं त्याच्याबद्दलसुद्धा असं बोलायचे की सुनेनं पदर डोळ्याला लावावा. मी एकदा म्हटलं, "अहो, तो म्हातारा बायकोला मारायचा." तर म्हणाले, "आता मारतोय का?"

सकाळी दहावा, दुपारी लग्न, संध्याकाळी हळद. आमच्याकडे हळद म्हणजे लग्नापेक्षा मोठी. डीजे, मंडप, अख्खा गाव. हे तिथं जाऊन नवऱ्यामुलाच्या गालाला हळदीचं बोट लावायचे, ढोलवाल्याच्या पाठीवर थाप मारायचे आणि पुढच्या मंडपाकडे पळायचे. मोटरसायकलचं इंजिन बाहेर चालूच असायचं. पायाला भिंगरी म्हणतात तसली नव्हे, ह्यांच्या अंगातच काहीतरी फिरत असतं. लग्न झालं तेव्हा मला वाटलेलं, वयानं उतरेल. माझं माहेर म्हशाकडचं. तिथल्या गुरांच्या जत्रेत खोंड बिथरला की माझे वडील म्हणायचे, दोन वर्षं नांगराला लावा, गरीब होतो. हे काही झाले नाहीत.

गावाचं नाव मी लिहीत नाही. लिहिलं तर उद्या माझ्या झेरॉक्सच्या दुकानावर माणसं येतील आणि काऊंटरवर हात आपटतील. मुरबाडहून शहापूरकडे येताना एक वळण, एक पेट्रोल पंप आणि वडापावच्या गाड्या लागल्या की आलं आमचं शहर. शहरच म्हणायचं. नगरपंचायत झाल्यापासून कुणी गाव म्हटलेलं ह्यांना खपत नाही.

हे मोठ्या पक्षातून निवडून आले आणि नगराध्यक्ष झाले. त्या दिवशी गुलालानं माझं अंगण असं भरलं की पुढं कितीतरी दिवस कपडे वाळत घातले की गुलाबी व्हायचे. दुसऱ्या दिवसापासून ओटीवर माणसं. कुणाच्या दारात गटार तुंबलंय, कुणाचा दिवा लागत नाही, कुणाला जन्माचा दाखला हवाय, कुणाला सुनेची तक्रार करायचीय. मी दुकान उघडायच्या आधी चहाची दोन पातेली उतरवायची. कामं केली त्यांनी, खोटं कशाला बोलू. बाजारपेठेत दिवे आले, मच्छीबाजाराला छप्पर आलं. पण एका कामात मन लागायचं नाही. दिवे लागले त्या संध्याकाळी सगळे वर बघत होते आणि हे फोनवर गटाराबद्दल बोलत होते.

ओटीवर येणाऱ्यांत एक म्हातारी होती. शहराच्या कडेला, टेकडीच्या पायथ्याशी एक पाडा आहे. नगरपंचायतीच्या हद्दीत आला तरी तिथं नगरपंचायतीचं काही पोचलेलं नव्हतं. दुसऱ्याच्या शेतावर राबणारी माणसं. भात झालं की निम्मा पाडा वीटभट्टीवर जातो आणि पावसाच्या तोंडावर परत येतो. धरण उशाला आणि कोरड घशाला, असं आमच्या तालुक्यात म्हणतात. ते खरं बघायचं तर या पाड्यावर यावं. होळीनंतर विहिरीत चिखल. मग बायका ओढ्यात झिरे खणून वाटीवाटीनं हंडा भरतात.

ही म्हातारी दर बाजाराच्या दिवशी यायची. ओटीवर चढायची नाही, पायरीशी उभी राहायची. ह्यांना साहेब, अध्यक्ष असलं काही म्हणायची नाही.

"पोरा, पानी कदी?"

"येणार, आजी. मंजूर झालंय."

"मंजूर पेतात काय रं?"

ओटीवरची माणसं हसायची. हेही हसायचे. मला मात्र तिची धास्ती वाटायची, कारण ती हसत नसे. मी चहा द्यायची, तो प्यायची, कप विसळून द्यायची आणि पुढच्या आठवड्यात परत.

दिवाळीनंतर ती गेली. हंडा घेऊन विहिरीवरून येताना बसली ती बसलीच, असं तिच्या सुनेनं सांगितलं. दहाव्याला हे जाणारच होते. ओटीवर येणारी म्हातारी म्हणून मीही गेले.

नदीवर पाड्याची माणसं होती आणि अध्यक्ष येणार म्हणून बाजारपेठेतलीही बरीच आलेली. पिंड ठेवला, सगळे मागं सरले. कावळे होते. समोरच्या उंबरावर चांगले पाच-सहा बसलेले. एकही खाली येईना. मुलानं हात जोडून सांगितलं, "आये, तुजी बकरी इकनार नाय." कावळे जागचे हलले नाहीत. सुनेनं सांगितलं, नातीला शाळेतनं काढणार नाही. नाही. भावकीतल्या एकानं बांधाचं भांडण मिटवायचं कबूल केलं. तरी नाही. ऊन डोक्यावर आलं. कुणीतरी दर्भाचा कावळा करायची भाषा काढली. तेवढ्यात एक म्हातारा म्हणाला, "तिला काय पायजे त्ये सगल्यांना ठावं हाय." आणि सगळ्यांनी ह्यांच्याकडे बघितलं.

ह्यांचं लक्ष घड्याळाकडे होतं. दुपारी आटगावला पक्षातल्या एकाच्या मुलाची हळद होती, तिथं आमदारकीची इच्छा असलेले सगळे यायचे होते. मी ह्यांच्या शेजारी उभी होते. गुडघा हलत होता. मग हे एकदम पुढं झाले, पायातले जोडे काढले, पिंडासमोर हात जोडले आणि ज्या आवाजात दोन शब्द बोलतात त्या आवाजात म्हणाले, "आजी, पुढच्या शिमग्याच्या आत पाड्यावर नळ आला नाही, तर त्या खुर्चीत मी बसणार नाही."

आणि मागं वळले. ते वळतात न वळतात तोच कावळा आला.

पाड्याच्या बायकांनी हात जोडले. एक रडायला लागली. मला विचाराल तर एकेक कबूल करता करता माणसं परत पिंडाला खेटून उभी राहिली होती, ह्यांच्या बोलण्यानं ती चार पावलं मागं सरली आणि कावळ्याला वाट मिळाली. पण हे मी आज म्हणते. त्या वेळी माझ्याही अंगावर काटा आला होता. गाडीत हे म्हणाले, "बघितलंस? आला." जणू कावळा पक्षाचा कार्यकर्ता होता.

इतर कुठंही दिलेला शब्द फिरवता येतो. सभेत दिलेला तर सभेतच विरतो. दहाव्याला दिलेला शब्द आमच्याकडे फिरवत नाहीत. म्हातारी तो घेऊन गेली, आता ती परत द्यायला येणार नाही. हे ह्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. हळदीला उशीर होऊ नये म्हणून माणसानं असला शब्द द्यावा, हे फक्त आमच्याच घरात होऊ शकतं.

पाईपलाईनचं काम खरोखर मंजूर होतं. पण धरणाच्या बाजूला, रस्त्यालगत, मुंबईच्या लोकांसाठी बंगल्यांची एक स्कीम उभी राहत होती. शनिवार-रविवारचे बंगले, पुढं हिरवळ, मागं पोहायचा हौद. पक्षातल्या वरच्या लोकांनी सांगितलं, आधी लाईन तिकडं जाईल, मग पुढच्या टप्प्यात पाडा. हे भांडले. त्या वेळी हे खरंच भांडले, मी साक्षीला आहे. फोनवर वरच्या माणसांना असं बोलताना मी त्यांना आधी कधी ऐकलं नव्हतं. जेवण बाजूला ठेवून अंगणात फेऱ्या घालायचे. मला म्हणायचे, "तिला काय सांगू मी?" मेलेल्या म्हातारीचं सांगत होते. मला रात्र रात्र झोप नसायची. ह्यांच्या फेऱ्यांचा आवाज बंद झाला की मुळीच लागायची नाही.

शिमगा आला. होळीभोवती बोंबा मारताना पोरांनी ह्यांच्या नावानं सुरू केलं, "नल आला काऽय?" शिमग्याला कुणी कुणाला काहीही म्हणावं, रागवायचं नसतं. हे रागावले नाहीत. दुसऱ्या दिवशी धुळवडीचे रंगलेले कपडे बदलून जिल्ह्याला गेले आणि राजीनामा देऊन आले.

मला अभिमान वाटला. तो मी आजही लपवत नाही. आमच्या भागात खुर्ची सोडणारा माणूस म्हणजे उन्हाळ्यात वाहणारा ओढा. लोकांनी ह्यांना खांद्यावर घेतलं. बाजारपेठेतून मिरवणूक काढली, बायकांनी ओवाळलं. पेपरात फोटो आला. निवडून आले तेव्हा जेवढा गुलाल नव्हता तेवढा खुर्ची सोडल्यावर पडला. हे खांद्यावरून हात जोडत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर मला असं काही दिसलं की मी दुकानाचं शटर अर्धं ओढून आत जाऊन उभी राहिले. दिवे लागले त्या दिवशी जो आनंद ह्यांना झाला नव्हता, तो आता झाला होता.

मग घरात रिकामपण आलं. ओटी ओस. चहाचं एकच पातेलं, तेही अर्धं. हे सकाळी तयार होऊन बसायचे, मोटरसायकल पुसायचे, पेट्रोल पंपापर्यंत जाऊन यायचे. माणसाला दारूची सवय सुटताना हात थरथरतात म्हणतात, तसं ह्यांचं दहाव्यांविना झालं. दहाव्याला जायचे, पण लोक आता आधी नव्या अध्यक्षांना बोलायला देत.

अशात कल्याणहून तिसऱ्या पक्षाचे लोक आले. दोन मोठे पक्ष तालुक्यात आहेतच. हा तिसरा शहरात कुठंतरी जन्माला आलेला, आमच्याकडे त्याचा झेंडाही कुणी पाहिलेला नव्हता. जांभळट रंगाचं उपरणं त्यांनी ह्यांच्या गळ्यात घातलं. म्हणाले, "शब्दासाठी खुर्ची सोडणारा माणूस आम्हाला हवाय. विधानसभा लढा." ह्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. हो म्हणाले. माणसं गेल्यावर मला म्हणाले, "आमदार झालो की पहिलं काम पाड्याचं." मी म्हटलं, "नगराध्यक्ष असताना झालं नाही ते?" तर म्हणाले, "म्हणून तर आमदार व्हायचंय."

निशाणी मिळाली शिलाई मशीन. दुकानावर येणारी गिऱ्हाईकं विचारायची, "वयनी, झेरॉक्स बंद करून ब्लाउज शिवाया घेतलं काय?" मी म्हणायची, "माप द्या, शिवते." मी वरून हसत होते, आतून जीव थाऱ्यावर नव्हता.

प्रचार भातझोडणीच्या दिवसांत आला. घरी कुणी सापडायचं नाही, सगळे खळ्यावर. हे खळ्याखळ्यावर जायचे. पेंढी उचलायची, फळीवर दोन-चार वेळा झोडायची, फोटो काढायचा, पुढचं खळं. भाताची कुसळं सदऱ्यात घेऊन रात्री अंग खाजवत बसायचे. एका शेतकऱ्यानं सरळ विचारलं, "भाऊ, चार पेंढ्या झोडल्यास. मतं पण चारच देव काय?" आमच्या गाडीवरचा भोंगा मात्र दिवसभर एकच सांगायचा: शब्दाचा पक्का माणूस. म्हातारीचा उल्लेख प्रत्येक सभेत. पहिल्यांदा तिची गोष्ट सांगताना ह्यांचा आवाज खरोखर दाटला होता. पुढं पुढं तो नेमक्या ठिकाणी दाटायला लागला. मी सभांना जाणं सोडलं.

पण त्याआधीचं एक सांगायचं राहिलं. अर्ज मागं घ्यायच्या दिवशी सकाळी मोठ्या पक्षाचे तालुक्याचे अध्यक्ष घरी आले. जुने मित्रच, ह्यांच्याबरोबर शेकडो दहावे केलेले. मी चहा ठेवला. स्वयंपाकघराच्या दाराला पडदा आहे, दार नाही, त्यामुळे मला सगळं ऐकू येत होतं. ते गोडीत बोलले. तू निवडून येत नाहीस हे तुला ठाऊक आहे, म्हणाले. आमची मतं खातोस, दुसऱ्याचा फायदा होतो. मग आवाज खाली आणून म्हणाले, "फॉर्म मागं घे. बाकी तुला काय देत नाय, तू घेणार पण नायस. पाड्याची लाईन देतो. कंत्राटदार माझ्या घरात बसलाय. काम जुनं मंजूर हाय, आचारसंहितेची अडचण नाय. उद्या पाईप पाड्याच्या तोंडाशी आणून टाकतो. तुज्या डोल्यांनी बग."

मी साखरेचा डबा खाली ठेवला. मला वाटलं, संपलं. सुटलो. म्हातारी सुटली, हेही सुटले.

हे आत आले. पाणी प्यायचं निमित्त करून. मी म्हटलं, "घ्या."

"काय घ्या?"

"पाईप. अजून काय?"

"लोक म्हणतील, बसवला. आमच्याकडे उमेदवार बसवतात कसा, तुला माहीत आहे. घेऊन बसला म्हणतील."

"म्हणू देत. पाणी आल्यावर किती दिवस म्हणतील?"

"मी विकला जाणारा माणूस नाही."

"विकायला कोण सांगतंय तुम्हाला? शब्द पाण्याचा दिलाय ना? तो पाळा आणि घरी या."

ह्यांनी पेला ओट्यावर ठेवला. पाणी प्यायलेले नव्हते. मला म्हणाले, "तुला राजकारण कळत नाही." आणि बाहेर जाऊन आवाज चढवला, मागं घेणार नाही, पाण्याचा सौदा करणार नाही. बाहेर गाडीशी आमचे चार कार्यकर्ते उभे होते, त्यांनी घोषणा दिल्या. तालुक्याचे अध्यक्ष चहा न घेता गेले. तो चहा मी मोरीत ओतला. मला राजकारण कळत नसेल. पण मला तेव्हा कळलं की ह्यांना आता नळ नको होता, निवडणूक हवी होती, आणि हे त्यांचं त्यांना ठाऊक नव्हतं. त्या दिवशी मला त्यांचा एवढा राग आला की संध्याकाळपर्यंत मी बोलले नाही, आणि त्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

मोठ्या पक्षाचा उमेदवार निवडून आला. ह्यांनी मतं खाऊनही आला, म्हणजे ज्याची भीती घातली होती तीसुद्धा खोटी निघाली. हे तिसरे. डिपॉझिट गेलं. हे सगळं सहन केलं ह्यांनी. हरणार हे शेवटच्या आठवड्यात सगळ्यांना दिसतच होतं. पण पाड्याच्या केंद्रावर कुणाला किती पडली ते कळलं, तेव्हा हे दाराच्या चौकटीला धरून उभे राहिले. तिथंही तिसरे. ज्यांच्यासाठी खुर्ची सोडली त्यांनीही दिली नाहीत.

"बघ," एवढंच म्हणाले. पोरानं मारावं तसा चेहरा झाला होता. माझा राग मग फिरला. नवऱ्याचा राग येतो म्हणून दुसऱ्यानं त्याला लाथ मारलेली थोडीच चालते? दुसऱ्या दिवशी दुकान न उघडता मी रिक्षा करून पाड्यावर गेले. काय बोलायचं ते वाटेत ठरवत गेले होते. कृतघ्न हा शब्द ठरवलेला होता.

म्हातारीची सून घरीच होती. चाळिशीची, उंच, बोलणं कमी. कुडाच्या भिंतीला टेकून मुलीचा गणवेश टाचत होती. मला बघून उठली, गोधडी अंथरली, तांब्या-पेला आणून ठेवला. मी बसले नाही. म्हटलं, "तुमच्यासाठी त्यांनी खुर्ची सोडली. तुमच्या सासूला दिलेल्या शब्दासाठी. आणि तुम्ही मतंसुद्धा दिली नाहीत?"

तिनं दोरा दातानं तोडला. म्हणाली, "बसा, वयनी."

मी बसले.

"आमी खुर्ची सोडा नवतं सांगलं. आमी पानी मागलं. सायेब खुर्चीत व्हते तवा सासू येत व्हती, तुमच्या पायरीशी भांडत व्हती. त्ये उटून गेले, मंग आमी कुनाच्या पायरीशी जावं?"

मी म्हटलं, "पण ते पाण्यासाठीच उभे होते."

तिनं तांब्यातलं पाणी पेल्यात ओतून माझ्यापुढं सरकवलं. एरवी दिवसा ती त्या बंगल्यांच्या स्कीममध्ये बागकामाला जाते, हे मला तेव्हा कळलं. जी लाईन पाड्याला यायची होती, तिच्या पाण्यानं ती लोकांची हिरवळ भिजवते, आणि येताना एक कॅन भरून आणायला तिथला वॉचमन तिला देतो. तांब्यात होतं ते त्या कॅनमधलं. हे तिनं तक्रार म्हणून नाही सांगितलं, पाणी चांगलं आहे, बिनधास्त प्या, एवढ्यासाठी सांगितलं.

मग तिनं विचारलं, "वयनी, एक इचारू? फॉर्म मागं घेतला असता तर दुसऱ्या दिवशी पाईप येनार व्हता, असं मानसं बोलतात. तालुक्याच्या अध्यक्षाचा ड्रायव्हर इकडचाच हाय. खरं हाय त्ये?"

मी खोटं बोलू शकले असते. राजकारण्याची बायको आहे, तेवढं येतं. मला तिथं मुलीचा गणवेश दिसत होता, निळा स्कर्ट, कमरेला सोडून सोडून मोठा केलेला. मी म्हटलं, "खरं आहे."

ती ओरडली नाही. मला वाटलं, ओरडावं हिनं. मान खाली घालून सुईत दोरा घालायला लागली, तो जाईना. म्हणाली, "आमाला शब्द दिला असता ना वयनी, तर आमी कवाच सोडला असता. आमाला सवय हाय. पन म्हातारीला दिलाय. तिला आता कोन सांगल?"

मी पेला संपवला आणि उठले. कृतघ्न हा शब्द घेऊन गेले होते, तो तसाच घेऊन परत आले, आणि रिक्षात बसल्यावर तो कुणाला लागू पडतो याचा विचार करवेना.

घरी हे फोनवर होते. जिल्हा परिषदेचं काहीतरी चाललं होतं, तिसऱ्या पक्षवाले परत गळ घालत होते. मी फोन हातातून घेतला आणि बंद केला. लग्नाच्या इतक्या वर्षांत मी हे पहिल्यांदा केलं. आणि सुनेनं जे म्हटलं ते तिच्याच शब्दांत सांगितलं, एक अक्षर इकडचं तिकडं न करता. फॉर्मबद्दल तिनं काय विचारलं आणि मी काय उत्तर दिलं तेही.

"तू खरं सांगितलंस?"

"हो."

मला वाटलं, आता चिडतील. चिडले नाहीत. अंगणात गेले, मोटरसायकलला चावी लावली, परत काढली. जेवायला हाक मारली तर आले नाहीत. मीही दुसऱ्यांदा मारली नाही.

निवडून आलेल्या आमदारांनी आमच्या शहरात जनसंपर्क कार्यालय उघडलं, ते नेमकं माझ्या दुकानाच्या समोर. काचेचं दार, आत एक बाक, बाकावर कामं घेऊन आलेली माणसं. दोन दिवसांनी सकाळी मी शटर वर केलं आणि समोर बघितलं तर बाकावर हे. साधा सदरा, गळ्यात उपरणं नाही. एका बाजूला दाखल्यासाठी आलेला म्हातारा, दुसऱ्या बाजूला म्हातारीची सून, मांडीवर पिशवी घेऊन. तिला हे पाड्यावरून घेऊन आले होते. मला काही बोलले नव्हते.

येणारेजाणारे थांबून बघत होते. कालपर्यंत सभांतून ज्याला शिव्या घातल्या त्याच्याच दारात. माझ्या दुकानात एक गिऱ्हाईक म्हणालंसुद्धा, "भाऊ शेवटी बसला वाटतं." मी त्याची आधारकार्डाची झेरॉक्स त्याच्या हातात दिली आणि म्हटलं, "निघा."

आमदार दुपारी आले. ह्यांना बघून हात पसरले, गळाभेट घेतली, फोटो काढायला लावला. रस्ता ओलांडून मीही दारापर्यंत गेले होते, राहवलं नाही म्हणून. ह्यांनी दोन शब्द बोलायच्या त्या आवाजात नाही, अगदी साध्या आवाजात सांगितलं, पाड्याची लाईन द्या. ही बाई पाड्यावरची. उद्घाटन तुम्ही करा, नाव तुमचं लावा, मला बोलवू नका.

आमदारांनी सुनेला नमस्कार केला. ह्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"बघू," म्हणाले.

बघू म्हणजे काय, हे अख्ख्या तालुक्यात ह्यांच्याइतकं कुणाला माहीत नसेल. आमच्या ओटीवरून किती माणसं ह्यांनी ह्याच शब्दावर घरी पाठवली, त्याला गणती नाही. मी ह्यांच्या तोंडाकडे बघत होते. त्यांनी तो शब्द ओळखला. कान लाल झाले.

मला वाटलं, आता उठतील, काहीतरी फेकून बोलतील आणि बाहेर पडतील.

"तुम्ही बघा," हे म्हणाले. "आम्ही इथं बसतो." आणि सुनेशेजारी बाकावर परत बसले.

आमदार हसून आत गेले. संध्याकाळी कार्यालय बंद झालं तेव्हा दोघं उठले. दुसऱ्या दिवशी परत आले. त्यानंतर सून कामाचा खाडा परवडेना म्हणून बाजाराच्या दिवशी तेवढी येते. हे रोज येतात. कुणाच्या हळदीला गेलेले नाहीत, जिल्हा परिषदेवाल्यांचा फोन उचलत नाहीत. लोक हसून हसून थकले आणि आता त्यांच्याशेजारी बसून आपली कामं सांगायला लागलेत, तर हे म्हणतात, "मला नको, आत सांगा." पाड्यावर अजून नळ आलेला नाही. मी दुपारी डबा घेऊन रस्ता ओलांडते आणि काचेतून दिसतं, त्यांचा गुडघा अजूनही हलत असतो, आणि ते तो हातानं दाबून धरतात.